युद्धस्थळांची सहल आणि आपली इतिहासदृष्टी

१

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी जवळ आली की मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत ‘ऐतिहासिक सहली’वरचे लेख येऊ लागतात. कोणता गड कसा चढावा, कोणत्या लढाईची जागा कोठे आहे, मुलांना काय दाखवावे, जेवणाची सोय कोठे होईल, अशी माहिती त्यांत असते. या लेखनाकडे समीक्षकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. कविता, कादंबरी, आत्मकथन यांची चिकित्सा होते. सहलीच्या माहितीपत्रकाची होत नाही. वस्तुतः सामान्य माणूस इतिहासाचे पहिले पाठ जाड ग्रंथांतून घेत नाही. शाळेचे पुस्तक, शाहिराचा पोवाडा आणि सहल या तीन वाटांनी इतिहास त्याच्यापर्यंत येतो. पहिल्या दोन वाटांची चर्चा आपण पुष्कळ केली. तिसरीची करण्याची वेळ आता आली आहे, कारण आता आपली कुटुंबेही सहलीला जाऊ लागली आहेत.

ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. गावगाड्यात महाराला प्रवास नवा नव्हता. पण तो प्रवास त्याचा स्वतःचा नव्हता. सरकारी सारा तालुक्याला पोहोचवायचा, टपाल पुढच्या गावच्या वेशीपर्यंत न्यायचे, गावात आलेल्या अंमलदाराचे ओझे वाहायचे, त्याच्या घोड्याची वैरण पाहायची, मयताची वर्दी पाहुण्यांच्या गावी द्यायची. या वतनी कामांत त्याचे पाय झिजले. पुढे गिरणीसाठी मुंबई, ऊसतोडीसाठी साखर कारखाने, दुष्काळात खडी फोडण्याची कामे. चालणे भरपूर झाले, पाहणे झाले नाही. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या सवडीने, बायकामुलांना घेऊन केवळ ‘पाहायला’ जाणे ही आपल्यातल्या नोकरदार वर्गाच्या पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या वाट्याला आलेली गोष्ट आहे. म्हणून काय पाहायचे आणि कोणत्या क्रमाने पाहायचे, हा प्रश्न चैनीचा म्हणून बाजूला टाकता येत नाही.

आपल्या माणसांच्या अशा एका सहलीचा वृत्तान्त स्वतः बाबासाहेबांनी लिहून ठेवला आहे. १९३४ साली ते सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत निजामाच्या राज्यातला दौलताबादचा किल्ला होता. रमजानचा महिना होता. अंगावर प्रवासाची धूळ होती म्हणून मंडळींनी किल्ल्याच्या दाराजवळच्या टाक्यात हातपाय धुतले. मागून आरडाओरडा झाला की या लोकांनी पाणी बाटवले. जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती अशा अटीवर की आतल्या पाण्याला कोणी हात लावायचा नाही. आणि ती अट पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी एक हत्यारी शिपाई बरोबर देण्यात आला. ओरडणारे हिंदू नव्हते, मुसलमान होते. अस्पृश्यता हिंदूंच्या घरापुरती राहिलेली नाही, हे बाबासाहेबांना त्या प्रसंगातून सांगायचे होते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या टिपणांत हा वृत्तान्त आहे; पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ती पुस्तिकारूपाने छापली. इतिहास पाहायला गेलेल्या माणसाला त्याची जात किल्ल्याच्या दारातच कशी गाठते, हे इतक्या थोडक्यात सांगणारे दुसरे प्रवासवर्णन माझ्या वाचनात नाही. तरीही आपल्याकडच्या प्रवासवर्णनाच्या चर्चेत या टिपणांचे नाव क्वचितच निघते.

२

प्रचलित सहल-लेखनाचा साचा ठरलेला आहे. आधी निसर्ग, मग गड, मग लढाई, मग वीर, आणि शेवटी ‘येथे प्रत्येकाने नतमस्तक व्हावे’ हा उपदेश. या साच्यात लढाई सेनापती लढतो. बाकीचे नुसते ‘सैन्य’ असते. तोफ कोणी ओढली, खंदक कोणी खणला, पखालीने पाणी कोणी पोहोचवले, छावणी कोणी झाडली, मेलेली जनावरे कोणी उचलली, याला त्या वर्णनात जागा नसते. गडाचा दरवाजा असतो. गडाखालची वस्ती नसते. भूतकाळ म्हणजे नमस्कार करण्याची वस्तू, अशी या लेखनाची धारणा आहे. जेथे नमस्कार आधी होतो तेथे प्रश्न नंतरही विचारला जात नाही.

पुण्याचाच नमुना घेऊ. पुण्याच्या ऐतिहासिक सहलीत शनिवारवाडा असतो, पर्वती असते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, तेव्हा दुसरा बाजीराव पर्वतीवरून ती पाहत होता, हेही कोणी सांगते. त्यापुढे इतिहास एकदम थांबतो आणि देवदर्शन सुरू होते. पुण्याहून अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) जाणाऱ्या रस्त्याने गाडी निघते ती रांजणगावच्या गणपतीला. त्याच रस्त्यावर, पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर, पेरणे गावच्या हद्दीत भीमेच्या काठी कोरेगावचा स्तंभ उभा आहे. गाडी त्याच्या जवळून जाते, थांबत नाही. हे न थांबणे विसराळूपणाचे नाही. बाजीराव कोठून लढाई पाहत होता हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना दोन महिन्यांनी त्याचे काय झाले हेही ठाऊक असते. काय दाखवायचे आणि कोठून वेगाने पुढे जायचे, याची निवड म्हणजेच एक इतिहासदृष्टी.

दुसऱ्या बाजूला आपण आहोत. दर १ जानेवारीला लाखो माणसे कोरेगावला जातात. २०१८ साली तेथे हिंसाचार झाला, एका तरुणाचा जीव गेला, तरी गर्दी ओसरली नाही, उलट वाढली. या गर्दीत जी निष्ठा आहे तिच्याविषयी आदरच बाळगला पाहिजे. परंतु समीक्षा ही घरच्यांचीही करावी लागते. त्या दिवशी आपण रांगेत उभे राहतो, सलामी देतो, पुस्तकांच्या दुकानांवरून फिरतो, जेवतो आणि परततो. स्तंभावर काय कोरले आहे ते वाचायला सवड नसते. म्हणजे त्यांची गाडी न थांबता जाते, आणि आपली गाडी थांबते पण आपण वाचत नाही. दोन्ही सहलींत शिलालेख न वाचलेलाच राहतो.

३

कोरेगावचा स्तंभ ही एक संहिता आहे, आणि संहिता वाचावी लागते. घटना थोडक्यात अशी. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली कंपनी सरकारची आठशेच्या वर माणसांची तुकडी शिरूरहून पुण्याकडे येत होती. तिच्यात बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे पाचशे शिपाई होते, शिवाय घोडेस्वार होते आणि मद्रासच्या तोफखान्यातले थोडे गोरे गोलंदाज होते. भीमेकाठी तिची गाठ पेशव्याच्या फौजेशी पडली. त्या फौजेचा आकडा अठ्ठावीस हजार सांगतात. प्रत्यक्ष गावावर चालून आलेली माणसे दोन हजारांच्या आसपास होती, आणि त्यांत अरब होते, गोसावी होते. दिवसभर गावातल्या गल्ल्यांतून झुंज झाली. नदी समोर वाहत होती, पण कंपनीच्या शिपायांना पाणी मिळत नव्हते. ते रात्र पडल्यावर मिळाले. जनरल स्मिथची फौज जवळ येत असल्याने पेशव्याने दक्षिणेची वाट धरली आणि स्टाँटनची तुकडी शिरूरला परतली. कंपनीची सुमारे पावणेतीनशे माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली.

१८२१ साली कंपनीने येथे स्तंभाचा पाया घातला. त्यावरचा लेख इंग्रजीत आहे आणि मराठीतही आहे. ४९ मृतांची नावे त्यावर आहेत आणि त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. हा प्रत्यय महारांच्या नावांना लागे. त्याची व्युत्पत्ती कोणी ‘नाग’पासून लावतात, कोणी ‘नायक’पासून. उरलेल्या नावांत मराठे आहेत, रजपूत आहेत, मुसलमान आहेत. लेखाची भाषा विजेत्याची आहे. पूर्वेकडच्या ब्रिटिश सैन्याला ज्या विजयांचा अभिमान वाटावा त्यांतला हा एक, असा त्याचा सूर आहे. अस्पृश्यता, पेशवाई, मुक्ती यांपैकी एकही शब्द त्या दगडावर नाही.

हे सांगितले की आपल्यातले काही कार्यकर्ते अस्वस्थ होतात. ‘पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांची पेशवाई बुडवली’ हे वाक्य आपल्या जलशांतून, भाषणांतून, भिंतीवरच्या पत्रकांतून इतके रुळले आहे की त्यात दुरुस्ती सुचवणे म्हणजे शत्रूला दारूगोळा पुरवणे, असे त्यांना वाटते. मला उलट वाटते. पाचशे पायदळ सगळे महार नव्हते, अठ्ठावीस हजार सगळे लढले नाहीत, आणि पेशवाई एका दिवसात बुडाली नाही. हे कबूल केल्याने त्या २२ नावांचे वजन रतीभरही कमी होत नाही. उलट फुगवलेला आकडा शत्रूच्या हाती पहिली टाचणी देतो. आपण ज्यांच्या इतिहासलेखनावर पुराव्याच्या अभावी टीका करतो, त्यांच्याहून पुराव्याच्या बाबतीत आपण कडक असले पाहिजे.

दुसरा आक्षेप बाहेरून येतो. परकीय सत्तेच्या बाजूने लढणाऱ्यांचा कसला उत्सव, असे विचारले जाते. हा प्रश्न विचारणाऱ्यांनी त्याच १८१७ सालच्या नोव्हेंबरात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढवणाऱ्या बाळाजीपंत नातूंचे नाव एकदा उच्चारावे. कंपनीच्या पलटणींत सगळ्या जातींचे शिपाई होते. पेशव्याच्या फौजेत पगारी अरब होते. ज्याला गावात पाण्याचा हक्क नाही, देवळात पायरीचा हक्क नाही, त्याने पगार देणाऱ्याची बंदूक खांद्यावर घेतली तर राष्ट्रद्रोहाचा जाब त्याच्याकडेच मागायचा, हा न्याय गावच्या चावडीचा आहे.

तिसरा आक्षेप आपल्याच विचारवर्तुळातून आला आहे आणि तो अधिक गंभीर आहे. आनंद तेलतुंबडे यांनी २०१८ च्या आरंभी असे मांडले की कोरेगावची लढाई म्हणजे पेशवाईच्या जातीय जुलमाविरुद्धचा महारांचा लढा, ही मिथ्यकथा आहे, आणि अशी मिथ्यकथा ज्या जातिअस्मिता मोडायच्या त्यांनाच घट्ट करते. १८१८ पुरते पाहिले तर त्यांचे म्हणणे नाकारता येत नाही. त्या शिपायांच्या मनात काय होते याचा कागद आपल्याजवळ नाही. परंतु स्मारकाचा अर्थ ते उभारणाऱ्याच्या हेतूने कायमचा बांधला जात नाही. कंपनीने तो दगड आपल्या गौरवासाठी उभारला. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे उभे राहिले आणि त्या दगडाला वेगळे वाचक मिळाले. साहित्यात आपण म्हणतो की संहितेचा अर्थ वाचकाच्या जाणिवेने बदलतो. दगडाच्या बाबतीतही तेच खरे आहे. अट एवढीच की वाचकाने वाचले पाहिजे. न वाचता केलेली सलामी मिथ्यकथेकडे जाते. तेलतुंबडे यांचा इशारा तेथे खरा ठरतो.

४

दगडावर नाव कोणाचे येते आणि कोणाचे येत नाही, हे समजून घ्यायचे तर कोरेगावच्या आधी पुण्यातच एक जागा पाहावी. खडकीला दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांची दफनभूमी आहे. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी असलेल्या, पण ज्यांची निगा राखणे शक्य नव्हते अशा कबरी येथे आणण्यात आल्या. त्याच आवारात पहिल्या महायुद्धातल्या अठराशेहून अधिक मृतांचे स्मारक आहे. कापलेली हिरवळ, सरळ रांगा, एका मापाचे दगड. मुलांना ही जागा बागेसारखी वाटते.

एका मापाचे दगड हे मुद्दाम ठरवलेले तत्त्व आहे. १९१७ साली ब्रिटिश साम्राज्याने युद्धातल्या कबरींसाठी जो आयोग नेमला, त्याने असे ठरवले की मृतांत भेद करायचा नाही. सेनापती आणि शिपाई, श्रीमंत आणि गरीब, सर्वांना सारखाच दगड आणि प्रत्येकाला नाव. वर्णजातीच्या समाजातून आलेल्या माणसाला हे तत्त्व वाचून भरून येते. जिवंतपणी नाही तर निदान मेल्यावर समता. परंतु तत्त्व आणि व्यवहार यांतले अंतर आपल्या ओळखीचे आहे. इराकमध्ये बसऱ्याला १९२९ साली मेसोपोटेमियाच्या मोहिमेचे मोठे स्मारक उभे राहिले. गोऱ्या शिपायांची नावे त्यावर कोरली गेली. हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांचीही नावे आली. साध्या हिंदी शिपायाच्या वाट्याला मात्र आपल्या पलटणीच्या नावापुढचा एक आकडा आला. याच आयोगाच्या वारसदार संस्थेने, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने, एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात कबूल केले की पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण विषमतेने केले गेले, आणि आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, मृतांची नावे कोरली गेली नाहीत किंवा त्यांचे स्मरणच केले गेले नाही. हे बहुतेक आशियातले आणि आफ्रिकेतले होते. कमिशनने त्याबद्दल माफी मागितली.

या आकड्यांत आपले कोण होते, हा प्रश्न सहलीत मुलांनी विचारला पाहिजे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा-चौदा लाख माणसे भरती झाली. त्यांपैकी पाच लाखांहून अधिक बिनलढाऊ होती. त्यांत हमाल होते, खेचरवाले होते, भिस्ती होते, भंगी होते. गावात जे काम जातीने माथी मारले होते तेच काम साम्राज्याच्या छावणीत पगारावर करायला ते समुद्र ओलांडून गेले. लढणाऱ्या शिपायाचा जेथे आकडा होतो, तेथे छावणी झाडणाऱ्याचे काय होत असेल, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. आणि या माणसांच्या मागे राहिलेल्या बायका, ज्यांनी पोरे वाढवली, मनिऑर्डरीची वाट पाहिली, त्यांना तर कोणत्याच स्मारकावर आकडाही नाही. एका मापाचे दगड पाहताना मुलांना ही रिकामी जागा दाखवता आली, तर खडकीची फेरी सार्थकी लागली असे समजावे.

या पार्श्वभूमीवर कोरेगावच्या ‘नाक’ प्रत्ययाच्या त्या २२ नावांचे मोल वेगळेच दिसते. बसऱ्याच्या शंभर वर्षे आधी, एका व्यापारी कंपनीने स्वतःच्या फुशारकीसाठी का होईना, महार शिपायाचे नाव दगडावर लिहिले. आपले बहुतेक पूर्वज कोणत्याही बखरीत नाहीत, कोणत्याही वंशावळीत नाहीत. ज्याला आपल्या पणजोबाच्या पलीकडचे नाव सांगता येत नाही, त्याला त्या नावांपुढे थांबावेसे वाटते ते यामुळे. ते थांबणे आणि पराक्रमाची फुशारकी या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

५

पण नाव कोरले गेले म्हणून माणूस मानला गेला का? येथे कोरेगावच्या सहलीने पुढचा रस्ता धरला पाहिजे.

ज्या सरकारने नावे कोरली त्याच सरकारने १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद केली. ‘लढाऊ जाती’चा सिद्धान्त निघाला आणि कोरेगावला झुंजलेल्यांचे नातू ‘बिनलढाऊ’ ठरले. दापोलीच्या गोपाळबाबा वलंगकरांनी, जे स्वतः सैन्यातून निवृत्त झाले होते, १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा अर्ज केला. या अर्जांची भाषा निष्ठेची आहे: आम्ही तुमच्यासाठी लढलो, आता आम्हाला दूर लोटू नका. त्या काळात दुसरी भाषा वापरण्याची सोयही नव्हती. युद्ध पेटले तेव्हा, १९१७ साली, सरकारला महारांची आठवण झाली आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ साली ती मोडली गेली. दुसरे युद्ध आले तेव्हा, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचाच स्तंभ होता. गरज असली की शूर, गरज सरली की अस्पृश्य: सव्वाशे वर्षांचा हिशोब एवढाच आहे.

१ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावला बाबासाहेब हाच जाब विचारत होते. ज्यांच्या बळावर राज्य मिळवले त्यांनाच बिनलढाऊ ठरवणे ही कृतघ्नता आहे, आणि तिच्याविरुद्ध चळवळ करा, असे त्यांचे सांगणे होते. त्यानंतर अठ्ठ्याहत्तर दिवसांनी, २० मार्च १९२७ रोजी, ते महाडला चवदार तळ्यावर होते. मला वाटते, आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे अंतर या अठ्ठ्याहत्तर दिवसांचे आहे. कोरेगावला मागणी होती ती केलेल्या सेवेच्या आधारावर. महाडला मागणी नव्हतीच. तेथे जमलेल्यांनी, ज्यांत सैन्यातून निवृत्त झालेले जुने शिपाईही होते, ओंजळीने पाणी घेतले ते माणूस म्हणून. सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला होता, महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केले होते. म्हणजे कागद होता, पाणी नव्हते. ज्याने गोळ्या झेलल्या त्यालाच पाण्याचा हक्क, असे म्हटले तर ज्याने झेलल्या नाहीत त्याचे काय? विधवेचे काय, लेकराचे काय, कधीच भरती न झालेल्या मांगाचे, चांभाराचे, भंग्याचे काय? पराक्रमाच्या पायावर मागितलेला हक्क हा पराक्रम्यापुरताच राहतो. महाडने तो पाया बदलला.

त्या पाण्याची किंमतही मोजावी लागली. परतणाऱ्या लोकांवर गावात हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, डिसेंबरात पुन्हा परिषद भरली आणि मनुस्मृती जाळली गेली, प्रकरण कोर्टात गेले आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. ही लढाई नव्हती असे कोण म्हणेल? तिच्यात सेनापती होता, शिस्त होती, जखमी होते, आणि शत्रूला मारण्याची आज्ञा मात्र नव्हती. युद्धस्थळांच्या यादीत महाड नसेल तर ती यादी आपली नव्हे.

६

एवढे विवेचन केल्यावर प्रत्यक्ष बेताविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण बेत हाच या लेखाचा विषय आहे.

कोरेगावला १ जानेवारीला जरूर जावे. परंतु मुलांना घेऊन आणखी एकदा, एखाद्या साध्या दिवशी जावे. गर्दीत दगड दिसतो, अक्षर दिसत नाही. क्रम असा ठेवावा. पहिल्या दिवशी सकाळी पर्वती, म्हणजे लढाई लांबून पाहणारा राजा कोठे उभा होता ते कळेल. दुपारी खडकीची दफनभूमी. दुसऱ्या दिवशी कोरेगाव, आणि तेथून जवळच्या वढू बुद्रुकला. १६८९ साली औरंगजेबाने मारलेल्या संभाजीराजांची समाधी तेथे आहे आणि त्यांचे अंत्यसंस्कार केल्याचे परंपरा ज्यांच्याविषयी सांगते त्या गोविंद गोपाळ महार यांचीही आहे. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस तेथे वाद पेटला होता. मुलांना तोही सांगावा. मेलेल्या माणसाच्या नावावरून जिवंत माणसे का भांडतात हे त्यांनी लवकर समजून घेतलेले बरे. तिसऱ्या दिवशी महाड. पावसाळ्यात वरंधा घाट दरडींमुळे वरचेवर बंद असतो, तेव्हा हा बेत थंडीतला ठरवावा. मोटार नसेल तर एस.टी.ने जावे, तीन दिवसांत हे सगळे निवांत होते.

आणखी एक. सहल कुटुंबाची म्हणायची आणि पहाटे चारला उठून दशम्या-चटणी बांधायची ती बाईने. मग समाधीपाशी माहिती ऐकायची पुरुषांनी आणि पोर सांभाळायचे पुन्हा तिनेच, हे वेठबिगारीचेच घरगुती रूप आहे. स्तंभावरचे लेख तिने वाचावेत, मोठ्याने वाचावेत, आणि पोराला पुरुषाने कडेवर घ्यावे. ज्या घरात आजी निरक्षर होती त्या घरातल्या मुलीने ‘नाक’ प्रत्ययाचे एकेक नाव आजीला वाचून दाखवावे. याहून चांगली मानवंदना मला सुचत नाही.

प्रत्येक ठिकाणी मुलांकडून वहीत तीन प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत. येथे नाव कोणाचे आहे? नुसता आकडा कोणाचा आहे? आणि येथे पाणी कोणाला मिळाले, कोणाला मिळाले नाही? पर्वती, खडकी, कोरेगाव, महाड, आणि पुढे कधी दौलताबाद. तिन्ही प्रश्न सगळीकडे लागू पडतात. मार्गदर्शकाला काही ठिकाणी उत्तर येणार नाही. तेव्हा रिकामी जागा तशीच ठेवावी, कल्पनेने भरू नये. आपल्या इतिहासाचा मोठा भाग या रिकाम्या जागांतच आहे, आणि ती भरायची ती कागद शोधून, थोरांना विचारून, जुन्या पेन्शनच्या चिठ्ठ्या पत्र्याच्या पेटीतून काढून.

महाविद्यालयात शिकवताना दरवर्षी दिसते की आपल्या मुलांना घोषणा पाठ असतात, तारखाही असतात. दोन तारखांमधला रस्ता ठाऊक नसतो. १ जानेवारी आणि २० मार्च या दोन दिवसांमधला रस्ता पायाखालून गेला की शौर्य म्हणजे काय आणि हक्क म्हणजे काय यांतला फरक पोराला सांगावा लागत नाही. जी चळवळ आपल्या मुलांना फक्त विजयस्तंभ दाखवते ती त्यांच्या हाती एक दिवसाचा अभिमान देते; जी त्यांना स्तंभापासून तळ्यापर्यंत नेते ती त्यांना कामाला लावते. आज कामाचीच गरज आहे.